झुरिकहून, दादाच्या लग्नाआधी

ती. आई-बाबांना सा. न.

मी मजेत आहे. जेवते वेळेवर, थंडीही सोसते.

मायक्रोअ‍ॅरे (हजारो जीन किती सक्रिय आहेत ते एकदम मोजणारी चिप) जुनी झाली, आता मनूची नोकरी जाणार, असं मामा म्हणाला ना? तो काहीही बोलतो, बाबांनी मनाला लावून घेऊ नये. नवे प्रयोग आता आरएनए सिक्वेन्सिंग या नव्या पद्धतीने होतात हे खरं, पण मायक्रोअ‍ॅरेचा ढीगभर जुना डेटा अमेरिकेच्या ‘जीईओ’ भांडारात सर्वांना खुला आहे. आणि आमच्या सॉफ्टवेअरला शेवटी लागतो आकड्यांचा तक्ता: ओळीत जीन, रकान्यात प्रयोगातली परिस्थिती आणि चौकटीत तो जीन तेव्हा किती सक्रिय होता तो आकडा. नोकरी जात नाही माझी!

बाबा सोसायटीच्या कमिटीतही आहेत आणि गणेश मंडळातही. जीनचंही तसंच, एकच जीन अनेक गटांत असतो. गट पाडायच्या नेहमीच्या पद्धती मात्र प्रत्येकाचं नाव एकाच यादीत घालतात. चेंग आणि चर्च या संशोधकांनी 2000 साली यीस्टचे 2884 जीन आणि 17 परिस्थिती घेऊन दोन्हींची एकदम निवड करत गट काढले. पण एक गट सापडला की त्या जागी वाटेल ते आकडे भरून तो झाकायचे, मग त्यालाच छेदून जाणारा दुसरा गट निसटायचा. मी त्या निसटणाऱ्यांच्या मागे आहे. गट सापडतात भरपूर. खरा कुठला आणि योगायोग कुठला, यात दिवस जातो.

इथलं कपडे धुणं मात्र मला अजून झेपलेलं नाही. तळघरात अख्ख्या बिल्डिंगचं एकच मशीन, पाळी वहीत लिहिलेली. माझी मंगळवारी. रविवारी धुवायचं नाही; रिकाम्या बाटल्याही रविवारी काचेच्या डब्यात टाकायच्या नाहीत, आवाज होतो म्हणून. आपलं झालं की दाराचं रबर पुसायचं, ड्रायरच्या जाळीतली लव काढायची, फरशी कोरडी करायची. जाळीत जरा लव राहिली की दारावर चिठ्ठी, तीही अतिशय नम्र. त्यापेक्षा आपल्या सदाशिव पेठेतल्या पाट्या बऱ्या, निदान अपमान झाल्याचं लगेच कळतं.

हॉलच्या अ‍ॅडव्हान्सचे पैसे पाठवलेत, बाबांनी एफडी मोडायची नाही. दादाच्या एकाही केळवणाला मी नाही, साखरपुड्यालाही नव्हते, हे आत्या ऐकवणारच. ऐकवू दे. माझ्या लग्नाचा विषय निघाला तर ‘ती आली की बघू’ म्हणा. त्या कोथरूडच्या स्थळाला मी अजून नाही म्हटलेलं नाही. रजा चारच दिवसांची मिळाली, जास्त मागितली होती गं. हळदीच्या आदल्या रात्री पोचते.

आणि आई, ब्लाऊज जुन्याच मापाने शिवायला टाक. व्हिडिओवर दिसते तेवढी मी बारीक झालेली नाही.

तुमची,
मनू