बोरीची राख आणि एक जाडजूड प्रबंध

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही म्हणून. पण आभार मात्र चारचौघांतच मानायचे आहेत. आमच्या पोरांचा पाणउताराही चारचौघांतच झाला होता.

आमच्या जुन्नर तालुक्यात बोरी बुद्रुकजवळ, कुकडीच्या काठाला ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. १९८०च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी तिथे अश्मयुगीन हत्यारं शोधली आणि तेव्हापासून बोरीचं नाव जगभरच्या शोधनिबंधांत येतंय. आणि तिथून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या माझ्या सातवीच्या मुलांनी त्या राखेचा एक कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेला नव्हता. मागणं एवढंच होतं. एका मोठ्या संस्थेने पत्राला उत्तर दिलं नाही, आठवणपत्रानंतर फोनवर सल्ला दिला की सहलीसाठी प्राणिसंग्रहालय बरं. दुसरीकडे एका विद्वानांनी मुलांच्या देखतच विचारलं, "यांना काय कळणार त्यातलं?" परतीच्या एसटीत भेंड्यासुद्धा खेळल्या नाहीत पोरांनी.

तुमच्या प्रयोगशाळेपर्यंत कसे पोचलो ते जाऊ द्या. मला सांगायचंय ते त्या स्टुलाबद्दल.

आमच्यातली सगळ्यात बुटकी पोरगी टाचा उंच करूनही भिंगापर्यंत पोचेना. ती मागे सरकली, "राहू द्या" म्हणाली. तुम्ही आजूबाजूला पाहिलंत, कपाटातून स्वतःचा पीएचडीचा प्रबंध काढलात, काळ्या बांधणीचा, आणि स्टुलावर ठेवलात. म्हणालात, "बस." ती कसली बसतेय! पुस्तकाला पाय लागला तरी नमस्कार करणारी मुलं आमची. तिने आधी प्रबंधाला हात लावून तो कपाळाला लावला, मग माझ्याकडे बघितलं. तुम्ही हसत म्हणालात, "बस गं बाई, एरवी कोणी उघडतही नाही तो." आणि ती बसली. मॅडम, बाकी तुम्ही केलंत ते सगळं थोरच, पण माझा गळा दाटला तो तिथे.

मग ती बघत राहिली. तुम्ही काही सांगितलं नाहीत, "काय दिसतंय?" एवढंच विचारलंत. ती म्हणाली, "काच फुटलीय. आणि हे एक बेचकीसारखं आहे."

त्या बेचकीवर तुम्ही पुढचा सगळा वेळ घालवलात. खोल जमिनीखाली शिलारसात पाणी विरघळलेलं असतं. रस वर येतो, दाब कमी होतो, पाण्याची वाफ होऊन बुडबुडे धरतात. रसात सिलिका भरपूर असेल तर तो इतका चिकट असतो की बुडबुड्यांना निसटता येत नाही. ते फुगत जातात, एकमेकांना भिडतात, त्यांच्यामधल्या भिंती पातळ होत जातात. बुडबुड्यांनी साधारण तीन चतुर्थांश जागा व्यापली की सगळ्याच्या ठिकऱ्या उडतात. तीन बुडबुडे जिथे टेकले होते तिथल्या भिंतीचा तुकडा म्हणजे तिची बेचकी. बुडबुडे केव्हाच गेले, त्यांच्या मधली भिंत आमच्या गावात येऊन पडली!

एकाने विचारलं, ही काचच कशावरून? तुम्ही ध्रुवकाच्या, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश पुढे सोडणाऱ्या, दोन पट्ट्या एकमेकींना आडव्या लावल्यात आणि सूक्ष्मदर्शकाची तबकडी फिरवलीत. अभ्रकाचा एक बारीक कण स्फटिक असल्याने फिरता फिरता उजळला, बाकीचे तुकडे काचेचे म्हणून काळेच राहिले. इतक्या झटक्यात थिजले की स्फटिक व्हायला वेळच मिळाला नाही. मग तुम्ही जुन्या पाकिटाच्या पाठीवर दुसऱ्या जातीचा कण काढलात, ठोकळ्यासारखा, कमी बुडबुड्यांचा, अंगभर तडे गेलेला. तापलेल्या रसाला बाहेरचं पाणी किंवा बर्फ भेटून स्फोट झाला की असे कण जास्त सापडतात म्हणालात. म्हणजे कण बघून स्फोट कसा झाला ते ओळखायचं. पंचनामाच म्हणायचा.

आणि ज्या काळ्या दगडावर आम्ही राहतो तो? नाणेघाटातल्या कातळालाही बुडबुड्यांची भोकं आहेत, पुढे खनिजांनी भरलेली. पण तो रस पातळ होता, वायू बराचसा निघून गेला, लाव्हा पसरत राहिला. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची ती गोष्ट. ही राख त्यातली नाहीच. ती सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची, तीन हजार किलोमीटरहून लांबून आलेली. आता तिथे शंभर किलोमीटर लांबीचं सरोवर आहे. सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीच्या महास्फोटाची राख आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या गाळातही सापडली आहे.

इथे तुम्ही थांबलात, आणि बोरीची राख त्याच स्फोटाची की टोबाच्याच सुमारे आठ लाख वर्षांपूर्वीच्या स्फोटाची, यावर संशोधकांचं भांडण आहे हे सातवीच्या पोरांना सांगून टाकलंत. हत्यारांचं वय त्यावर अडलंय हेही. आम्ही मास्तर लोक असल्या जागी पटकन एक आकडा सांगून मोकळे होतो. मोठ्या माणसाचा मोठेपणा असा कुठेतरी दिसतो. बाकी सत्कार, शाली, हार आम्ही पुष्कळ पाहिलेत.

वर्गात सध्या दोन तट पडलेत, चौऱ्याहत्तर हजारवाले आणि आठ लाखवाले. मधल्या सुट्टीत कडाक्याची भांडणं होतात. तुमची बुटकी मैत्रीण आठ लाखवाली आहे, आणि तुम्ही कुठल्या बाजूच्या ते तिला हवंय. उन्हाळ्यात कुकडीचं पाणी ओसरलं की या, थर दाखवायला सगळी टोळी तयार आहे. जेवण आमच्याकडेच. मासवड्या चालतात ना, तेवढं कळवा.

आपला,
जुन्नर तालुक्यातला एक विज्ञान शिक्षक