‘ताशी नॉट’ नव्हे, नुसते नॉट

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

बातमी वादळाची असो की युद्धनौकेची, ‘ताशी 30 नॉट वेगाने’ असे हमखास छापून येते. त्यातले ‘ताशी’ गाळावे. तासाला एक सागरी मैल म्हणजे एक नॉट. तास त्यात आधीच धरलेला आहे. ‘ताशी नॉट’ म्हटले की काटेकोर अर्थाने तो वेग राहत नाही, वेगातली वाढ होते.

नॉट म्हणजे गाठ, आणि ही गाठ खरोखरच दोरीवरची आहे. शिडाच्या जहाजांवर वेग मोजायला पाव वर्तुळाच्या आकाराची लाकडी फळी वापरत. गोल कडेला शिसे ठोकलेले असल्याने ती पाण्यात उभी राही आणि जवळपास जागच्या जागी अडून बसे. फळी जहाजाच्या मागून टाकली की रिळावरची दोरी सुटू लागे. सुरुवातीची जहाजाच्या लांबीएवढी दोरी हिशेबात धरत नसत, कारण तिथवर जहाजाने घुसळलेले पाणी फळीला ओढते. तेवढी दोरी संपते तिथे चिंधी बांधलेली असे. चिंधी हातातून गेली की जोडीदाराने वाळूचे घड्याळ उलटायचे. वाळू संपताच त्याने ओरडायचे, मग दोरी सोडणाऱ्याने ती पकडायची आणि किती गाठी गेल्या ते पाहायचे. मग एक हिसका दिला की फळीची खुंटी निसटे, फळी आडवी होई आणि ओढून घेता येई.

घड्याळ 28 सेकंदांचे. 6080 फुटांच्या सागरी मैलाला 3600 ने भागून 28 ने गुणले की सुमारे 47 फूट 3 इंच येतात. दोरीवर गाठींच्या खुणा असत. दोन खुणांमधले अंतर तेवढेच, म्हणून जितक्या गाठी गेल्या तितके नॉट. जहाज फार वेगात असेल तर 14 सेकंदांचे घड्याळ घेऊन आकडा दुप्पट करत.

चुका व्हायच्या त्या दोरीत आणि वाळूत. दोरी ताणली गेली की खुणा लांब पडतात आणि वेग कमी दिसतो. वाळू दमट झाली की सावकाश गळते आणि वेग जास्त दिसतो. घासून भोक मोठे झाले की उलट. यातला कमी दिसणारा वेग जास्त धोक्याचा, कारण किनारा अपेक्षेआधीच समोर येतो. जुन्या हिशेबात 30 सेकंदांना 42 फूट धरत, कारण मैल 5000 फुटांचा समजला जाई. रिचर्ड नॉरवुड या इंग्रज गणितज्ञाने 1637 मध्ये मैल त्याहून बराच लांब, त्याच्या मोजणीनुसार 6120 फूट, असल्याचे दाखवले, तरी अनेक खलाशांनी 42 फूट सोडले नाहीत. त्यामुळे जहाज नकाशावर खऱ्यापेक्षा पुढे दिसे, आणि त्यांना तेच बरे वाटे. अर्थात दोरी नेमकी असली तरी ती पाण्याच्या मानाने वेग सांगते. प्रवाहाचा हिशेब वेगळा करावा लागतो.

1929 मध्ये मोनॅकोच्या परिषदेत सागरी मैल 1852 मीटरचा ठरला. म्हणून किलोमीटर हवे असल्यास नॉटला 1.852 ने गुणावे. 65 नॉटचा वारा ताशी सुमारे 120 किलोमीटर होतो. जमिनीवरच्या मैलाचे 1.609 लावले, तर तोच वारा ताशी 105 किलोमीटरवर येतो, आणि वादळाच्या बातमीत हा फरक लहान नाही.

– एक वाचक