बाबांना रागवायचं होतं, पण...

ती. आई-बाबा, सा. न.

आई, परवा फोनवर तू म्हणालीस ना की बाबांना जरा दम दे, गुडघा सुजलाय तरी पहाटे साडेपाचला ग्राउंडवर जातात, रिटायर होऊन सहा वर्षं झाली तरी पोरांना खो-खो शिकवतात आणि वर वाकून ग्राउंडवर रेषा आखायची चुन्याची फक्कीपण स्वतःच मारतात. देणारच होतो.

पण इथे शिकागो युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत गेलो तर कळलं तिच्या जागी आधी स्टॅग फील्ड नावाचं मैदान होतं. आमोस अलोन्झो स्टॅग, 1892 पासून 40 वर्षं इथला कोच, फुटबॉल (हातात बॉल धरून पळतात तो, बाबा), बेसबॉल, ट्रॅक सगळं हाच शिकवायचा आणि क्रीडा विभागही हाच चालवायचा. म्हणजे आपले बाबाच की! सकाळी लाँग जंप, संध्याकाळी कबड्डी, रात्री जेवणं झाली की झोनलचे फॉर्म आणि टीए-डीएची बिलं, जी कधी वेळेवर पास झाली नाहीत ते सोडा. फरक एवढाच की त्याला प्रोफेसरचा मान होता आणि बाबांना स्टाफरूममधे 'पीटीवाले' म्हणायचे. शाळेत असताना मलाही त्याची लाज वाटायची बाबा, कधी बोललो नाही.

सत्तरीला त्याला सक्तीने रिटायर केलं तर गडी उठला नि कॅलिफोर्नियाला गेला, कॉलेज ऑफ द पॅसिफिकमधे अजून 14 वर्षं टीम सांभाळली, 1943 मधे 81 व्या वर्षी देशातला कोच ऑफ द इयर झाला, मग पेनसिल्व्हेनियात मुलाच्या जोडीने कोचिंग केलं. 102 वर्षं जगला. बाबा, लगेच खूश होऊ नका.

कारण त्याची बायको स्टेला मॅच बघत खेळाचे चार्ट काढायची म्हणे, आणि ते वाचून मला तूच आठवलीस आई. टीम इंटरझोनलला निघाली की तुझ्या पोळ्या आणि लसणाची चटणी, एवढंच माझ्या डोक्यात होतं, पण शंभर मीटरच्या हीट्सची टायमिंग्ज त्या निळ्या वहीत कोणाच्या अक्षरात होती? तुझ्याच ना!

तर बाबा, ग्राउंडवर जा, पण आधी गुडघ्याचा एक्सरे, आणि फक्की पोरं मारतील. आई, ती वही माळ्यावर असेल तर दोन-चार पानांचे फोटो व्हॉट्सॲप कर.

तुमचा,
धाकटा