व्हील कॅपचे ४,६०० रुपये

कोल्हापूर,
१६ नोव्हेंबर

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर सांगायला घेतलं की तू "आई, मीटिंग आहे" म्हणतोस, आणि मागून तुझे बाबा "ते नको सांगू" म्हणून खुणा करतात. म्हणून कागदच घेतला. परवा तुझ्या मोबाईलवर ४,६०० रुपये कापल्याचा जो मेसेज आला तो कुणा भामट्याचा नाही. बँकेला फोन करू नकोस. ते पैसे माझ्यामुळं गेलेत. कसे गेले ते सांगते, पण जरा लांबून यावं लागेल.

तर आधी हे ऐक. मॉरिशसमध्ये चार दिवस गाडी बाबांनी चालवली नाही. मी चालवली.

बुकिंग तू बाबांच्या नावानं केलं होतंस, बरोबर आहे. विमानतळावर गाडीच्या काउंटरवर एक चटपटीत पोरगी होती. तिनं बाबांचं लायसन उलटंपालटं करून पाहिलं आणि तारखेवर नख ठेवलं. मे महिन्यातच संपलेलं! बाबा म्हणाले, "नो प्रॉब्लेम, नो प्रॉब्लेम." ती म्हणाली, "सॉरी सर." असं तीन वेळा झालं. तोवर मी पर्स उघडली. स्कूटीवरून मंडईला जाताना लागतं म्हणून माझं लायसन कायम पर्समध्येच असतं, नेमकं ते तिथं कामाला आलं. मग ती म्हणाली, डिपॉझिटसाठी क्रेडिट कार्डही चालवणाऱ्याच्याच नावाचं पाहिजे. आणि तू दिवाळीला दिलेलं ते ॲड-ऑन कार्ड, तुझ्याच खात्यावरचं, ज्यावरून मी तुला "मला काय करायचंय हे" म्हणून बोलले होते, त्यावर माझंच नाव होतं. बाबा बॅगांपाशी जाऊन उभे राहिले. बोलले नाहीत काही.

गाडी ताब्यात देताना तिनं एक कागद आणला. गाडीचं चित्र काढलेलं, आणि जिथं ओरखडा तिथं पेनानं फुली. आपण जेवणावळीला भाड्यानं भांडी आणतो तेव्हा कसं, एवढी पातेली, एवढी पोचलेली, एक झाकण कमी, असं लिहून घेतात, अगदी तसंच. मी भोवती फिरून मोबाईलवर चारी बाजूंचे फोटो काढले. चाकांचेसुद्धा. चाकांच्या फोटोंचं पुढं काय झालं ते येईलच.

तिथं आपल्यासारखंच डाव्या बाजूनं चालवायचं, त्यामुळं निम्मी भीती तिथंच गेली. पण गाडी ऑटोमॅटिक. डाव्या पायाला काही काम नाही आणि त्या पायाला ते मान्य नाही. क्लच समजून दोनदा ब्रेकच दाबला, बाबांचं कपाळ काचेला लागता लागता राहिलं. आणि गोल चौक तरी किती! उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा नियम, आणि सगळे पाळतात. आपल्याकडं गंगावेशीत ज्यानं आधी नाक घातलं त्याची वाट. पहिल्या चौकात मी इतका वेळ थांबले की मागं रांग लागली, पण हॉर्न एकानंही वाजवला नाही. त्यानंच जास्त ओशाळल्यासारखं झालं.

बाबा शेजारी बसून फोनमधल्या बाईशी भांडत होते. गावांची नावं फ्रेंच, ती बाई उच्चारणार इंग्रजीत, पाटीवर तिसरंच. कात्र बोर्न, क्युरपीप, फ्लिक आँ फ्लाक. विमानतळ बेटाच्या आग्नेयेला आणि आपलं हॉटेल पश्चिमेला. लोक तासाभरात जातात म्हणे, आम्हाला दोन तास लागले.

समुद्राचं सांगते. किनाऱ्याला सुरूची झाडं, आपल्या कोकणात असतात तीच. त्यांच्या सावलीत घरच्या घरं उतरलेली, पातेली, चटया, पोरंटोरं, आज्या. आम्ही पोचलो तो दिवस २ नोव्हेंबर, तिथं सुट्टी असते. १८३४ साली त्या तारखेला 'ॲटलास' नावाच्या जहाजातून हिंदुस्थानातले मजूर उसाच्या मळ्यांवर कामाला म्हणून उतरले, त्यांच्या आठवणीची सुट्टी. इंग्रजांनी गुलामगिरी बंद केली, मळेवाल्यांना माणसं पाहिजे होती, मग करार करून आपली नेली. १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख. हे सगळं मला हॉटेलातल्या बाईनं सांगितलं. त्या दिवशी मला एवढंच दिसलं की लोक मजेत जेवतायत.

पाणी म्हणजे नितळ, हिरवट निळं आणि अगदी गप्प. लाटा लांब, पार क्षितिजापाशी, पांढऱ्या रेघेसारख्या. तिथं प्रवाळाची भिंत आहे, बेटाला जवळपास सगळीकडून वेढा घातल्यासारखी, ती लाटा तिथंच फोडते. आतलं पाणी तळ्यासारखं. तुझे बाबा, ज्यांनी कोटितीर्थात पोहण्याच्या शर्यती मारल्यात, ते तू पाठवलेली फुलाफुलांची हाफ पँट घालून कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले आणि म्हणाले, "हा कसला समुद्र? याच्यापेक्षा रंकाळ्याला लाटा जास्त असतात." मग संध्याकाळपर्यंत बाहेर आले नाहीत ते वेगळं. पायात मात्र रबरी चपला घालूनच उतरायचं, तळाशी काटेरी गोळे असतात, पायात मोडले तर निस्तरायला महाग. तुम्ही जाल तेव्हा लक्षात ठेव.

खायला डाळपुरी. आपल्या पुरणपोळीतला गूळ काढून टाकला तर जे राहील ते, पातळ, मऊ, आत घेवड्याची भाजी आणि झणझणीत चटणी, दोन-दोनची जोडी कागदात गुंडाळून देतात. बाबांनी पहिल्या दिवशी तीन जोड्या खाल्ल्या. त्यांच्या साखरेचं मी इथं लिहीत नाही.

खरं सांगू का, दोन दिवस समुद्र बघितल्यावर माझं लक्ष उसाकडंच लागलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस, तुरे आलेला, आणि मधे मधे तोड चाललेली. वास तोच. मी काच खाली केली तर बाबा म्हणाले, "एसी चालू आहे." मी म्हटलं, असू दे. इथं आपल्याकडं दराचं मिटून धुराडी पेटायची वेळ आणि तिथं त्यांचा हंगाम संपत आलेला. आपल्या जिल्ह्यात वीसच्या वर कारखाने, तिथं अख्ख्या बेटावर आता तीनच उरलेत. बो प्लाँ म्हणून गाव आहे, तिथला कारखाना १९९९ साली बंद झाला, त्याचं आता संग्रहालय केलंय. ऊस डच लोकांनी १६३९ साली जावाहून आणला, असं तिथं समजलं. शेवटी सात-आठ तऱ्हेच्या साखरा चाखायला देतात. त्यातली सगळ्यात काळी जी होती, ती जिभेवर ठेवली आणि मी कागलला माहेरी पोचले. गुऱ्हाळात गूळ ओतून झाल्यावर काहिलीच्या कडेला जे चिकटून राहायचं आणि आम्ही पोरं उसाच्या कांडीनं खरवडून खायचो, तंतोतंत ती चव. शेजारी एक गोरं जोडपं "मोलॅसिस, मोलॅसिस" करत होतं. मी बाबांना म्हटलं, काकवी म्हणतात याला.

आणि शेतात दगडांचे ढीग. साधे ढीग नव्हेत, रचलेले, काही तर घराएवढे उंच, पायऱ्या पायऱ्यांचे. बेट ज्वालामुखीचं, जमिनीत काळा दगडच दगड. ऊस लावायचा तर आधी तो वेचायचा, आणि तो वेचला त्या मजुरांनी, हातानं. बांधाला, रस्त्याच्या कडेला, जिथं बघावं तिथं तोच रचलेला.

आता व्हील कॅप, म्हणजे चाकावरचं ते गोल झाकण.

तिसऱ्या दिवशी कास्कावेलकडून येत होतो. रस्ता अरुंद, दोन्हीकडं ऊस उंच, आणि समोरून उसाची लॉरी. तुला माहीत आहे, उसाचं वाहन दिसलं की मी काय करते. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, वर मोळ्या बाहेर आलेल्या, टेपवर गाणी लावलेली, ड्रायव्हर झोपेत. माझे वडील सांगायचे, उसाच्या ट्रॅक्टरशी वाद नाही, सरळ खाली उतरायचं. चाळीस वर्षांची सवय ती. मी स्टेअरिंग डावीकडं घेतलं आणि उतरले खाली. पण खाली आपल्यासारखी मातीची साइडपट्टी नव्हती, गवतात तो दगडाचा बांध होता. खर्रर्र आवाज झाला. लॉरी बिचारी सावकाश, अगदी तिच्या बाजूनं निघून गेली. ड्रायव्हरनं हातसुद्धा केला.

माझ्या तोंडून गेलं, "अगं बाई, मेले!"

पलीकडं घराच्या दारात एक म्हातारबाबा बसले होते, ते उठून आले. व्हील कॅप गडगडत त्यांच्या फाटकापाशी गेली होती, ती उचलून आणली, धोतराला पुसावी तशी पँटला पुसली, आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "मराठी?"

मी हो म्हटलं. ते म्हणाले, "रत्नागिरी?"

त्यांचे पणजोबा तिकडचे. बोलणं त्यांचं सगळं तिथल्या क्रिओल बोलीत, थोडी हिंदी. मराठी बोलता येत नाही, पण नात शाळेत मराठी शिकते म्हणाले. गणपतीची आरती मात्र अख्खी पाठ. गणेश चतुर्थीला तिथं सरकारी सुट्टी असते, आणि आपण दसऱ्याच्या सुट्टीची बघतो तशी हे लोक त्या दिवसाची वाट बघतात. मी सांगितलं, आम्ही कोल्हापूरचे. त्यांनी मान हलवली, ठाऊक नाही. तुझ्या बाबांना हे सहनच होईना. "कोल्हापूर ठाऊक नाही म्हणजे काय? महालक्ष्मी? शाहू महाराज?" त्या भल्या माणसानं प्रत्येक नावाला हसून मान हलवली आणि तोवर दगडानं ठोकून व्हील कॅप बसवूनही दिली. दगड तिथलाच, बांधातला. मी त्यांना पिशवीतला उरलेला चिवडा दिला. त्यांनी पुडा नाकाशी नेला आणि तसाच थोडा वेळ धरून ठेवला.

चौथ्या दिवशी गंगा तलाव. ज्वालामुखीच्या विवरातलं तळं, काठाला १०८ फुटांचा महादेव. महाशिवरात्रीला लोक घराघरांतून कावडी घेऊन चालत येतात, आपल्या जोतिबाला सासनकाठ्या येतात तशी गर्दी. आम्ही गेलो तेव्हा धुकं होतं आणि माकडांनी बाबांची केळी पळवली. वर जायला वळणांचा रस्ता आहे, चामारेलवरून. गगनबावड्याइतका अवघड नाही. ते अंतर मी बाबा झोपलेले असताना पार केलं, यातच काय ते समज.

गाडी परत देताना तीच पोरगी, तोच कागद. पेट्रोल जेवढं घेतलं तेवढं भरलेलं होतं, आत वाळू होती त्याला ती काही म्हणाली नाही. मग डाव्या पुढच्या चाकाशी वाकली. मी फोटो दाखवायला मोबाईल काढला, आणि काढता काढता लक्षात आलं की फोटोत चाक चांगलं स्वच्छ दिसतंय. तिनं फुली मारली. विमा आहे, पण ठरावीक रकमेपर्यंतचं नुकसान आपल्या अंगावर, आणि व्हील कॅप त्या रकमेच्या आतली. तिथला रुपया आपल्या जवळजवळ दोन रुपयांचा, त्या हिशेबानं ४,६०० झाले. डिपॉझिटचे बाकीचे पैसे अडकवलेले दिसतील, ते आपोआप सुटतात म्हणाली.

तुझे ४,६०० मी पाकिटात घालून देवघराच्या ड्रॉवरमधे ठेवलेत, येशील तेव्हा घे. कार्ड मात्र मी परत देणार नाही.

बाबांच्या लायसनचं म्हणशील तर फॉर्म आणून टेबलावर ठेवलाय. डॉक्टरचा दाखला लागतो, तो काही त्यांनी अजून आणला नाही. मीही आठवण करत नाही. रविवारी मावशीकडं गारगोटीला जायचंय, वॅगनार मीच काढणार आहे.

सूनबाईला आणि पिल्लूला आशीर्वाद. काळ्या साखरेची पुडी कुरिअरनं पाठवलीय, चहात घालू नका, नुसती खा.

तुझी,
आई

ता. क. – बाबांनी पत्र वाचलं. म्हणाले, बाकी सगळं बरोबर आहे, पण लॉरी अजून बरीच लांब होती हेही लिही.