‘साठा सापडला’ एवढ्यावर बातमी संपू नये

मा. संपादक,
स. न.

खनिजशोध करणाऱ्या छोट्या कंपन्यांच्या बातम्या आता मराठी दैनिकांच्या अर्थपानावरही येतात. ‘सोन्याचा साठा सापडला’, ‘लिथियमचा ब्लॉक मिळाला’ अशा मथळ्यांची कात्रणे नांदेड, लातूर, परभणीच्या व्हॉट्सॲप गटांत शेअर घेण्याचे कारण म्हणून फिरतात. मराठवाड्यात खाण म्हणजे खडी, मुरूम, नाही तर वाळूचा ठेका. बहुतेक जिल्हे बेसाल्टने, म्हणजे काळ्या पाषाणाने, झाकलेले आहेत. किल्लारीच्या भूकंपानंतर तिथे घेतलेल्या बोअरला ३३८ मीटर बेसाल्ट कापावा लागला. धातूखाण पाहिलेलीच नसल्याने अशा बातमीतला कोणता आकडा कामाचा, हे इथल्या वाचकाला ठाऊक असण्याचे कारण नाही.

या कंपन्यांना विक्री नसते, त्यामुळे नफाही नसतो. पी/ई गुणोत्तर (शेअरचा भाव भागिले प्रति शेअर नफा) इथे लागू होत नाही. त्या जगतात नवे शेअर विकून. म्हणून पहिला प्रश्न रोकड किती महिने पुरेल, हा. समजा, बँकेत १८ कोटी आहेत आणि तिमाही खर्च साडेचार कोटी आहे. म्हणजे वर्षभराचा श्वास. ऑस्ट्रेलियाच्या शेअर बाजारात शोध कंपन्यांना हा हिशेब दर तिमाहीला स्वतः मांडावा लागतो, आणि दोन तिमाहींपेक्षा कमी रोकड उरली असेल तर पुढचा पैसा कुठून आणणार तेही सांगावे लागते. आपल्याकडे रोख प्रवाहाचे विवरण सहामाही निकालांबरोबर येते, त्यातून हा भागाकार वाचकालाच करावा लागतो. खर्चाचे दोन भाग करून पाहावेत: ड्रिलिंग, नमुने, प्रयोगशाळा एकीकडे, पगार, कार्यालय, सल्लागार, प्रसिद्धी दुसरीकडे. दुसरा भाग वर्षानुवर्षे मोठा राहिला, तर ती कंपनी खडक शोधत नाही. संबंधित पक्षांशी (प्रवर्तक, संचालक व त्यांच्या इतर कंपन्यांशी) झालेल्या व्यवहारांची टीप त्याच वेळी वाचावी.

ताळेबंदातली मालमत्ता पाहूनही हुरळून जाऊ नये. इंड एएस १०६ या लेखामानकानुसार शोधावरचा खर्च मालमत्ता म्हणून दाखवता येतो. ५० कोटींची ‘शोध व मूल्यमापन मालमत्ता’ म्हणजे ५० कोटी खर्च झाले एवढेच; जमिनीखाली तेवढ्याचे काही आहे असे नव्हे. परवाना संपला किंवा ब्लॉक (शोधासाठी मिळालेले क्षेत्र) सोडला की ती रक्कम निर्लेखित होते, म्हणजे मालमत्तेतून वजा होते. लेखापरीक्षकाने ‘कंपनी चालू राहण्याबाबत अनिश्चितता’ नोंदवली असेल, तर बाकीचा अहवाल त्याच नजरेने वाचायचा.

दुसरा प्रश्न शेअरसंख्येचा, आणि लोक सर्वाधिक फसतात ते इथेच. १२ कोटी शेअर असलेल्या कंपनीत कोणाचा १ टक्का, म्हणजे १२ लाख शेअर आहेत. बाहेर ३ कोटी वॉरंट (ठरलेल्या भावाने पुढे नवे शेअर घेण्याचे हक्क) आहेत. पुढच्या ड्रिलिंगसाठी ६० कोटी हवेत म्हणून २० रुपयांनी आणखी ३ कोटी शेअर काढले. वॉरंटचेही शेअर झाले की एकूण १८ कोटी, आणि तो १ टक्का ०.६७ वर आला. सोने सापडले तरी त्यातला वाटा एक तृतीयांशाने घटलेला. वॉरंट आणि कर्मचाऱ्यांचे शेअर-पर्याय धरूनच कंपनीची बाजारकिंमत काढावी.

आता ड्रिलिंगचे निकाल. ‘१० मीटरमध्ये टनाला ५ ग्रॅम सोने’ हे वाक्य भारी वाटते. पण खाली बारीक अक्षरात ‘त्यापैकी १ मीटरमध्ये ४५ ग्रॅम’ असेल, तर उरलेल्या ९ मीटरची सरासरी जेमतेम ०.५६ ग्रॅम भरते. एका अरुंद शिरेचे सोने दहा मीटरवर पसरवून दाखवलेले असते. शिवाय तिरक्या बोअरमध्ये मोजलेली लांबी ही शिरेची खरी जाडी नसते. ती वेगळी दिली आहे का, पाहावे. शिवारात एका बोअरला पाणी लागले म्हणून सगळ्या गटात पाणी आहे असे कोणी मानत नाही, तोच न्याय इथे लावावा. कोअर (ड्रिलिंगमधून निघणारा खडकाचा दंडगोल) उभा चिरून अर्धा जपून ठेवतात, म्हणजे पुन्हा तपासता येतो. ब्री-एक्स या कॅनडाच्या कंपनीने इंडोनेशियातल्या बुसांगचा कोअर पूर्णच दळला होता. नमुन्यांत बाहेरचे सोने मिसळल्याचे १९९७ मध्ये उघड झाले आणि शेअर मातीमोल झाले.

साठ्याचा दर्जाही बातमीत हवा. शोध किती पक्का झाला त्याच्या चार पायऱ्या आहेत: जी-४ म्हणजे टेहळणी, जी-३ प्राथमिक शोध, जी-२ सर्वसाधारण आणि जी-१ तपशीलवार. फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मू-काश्मीरच्या रियासीतला ५९ लाख टनांचा लिथियमसाठा देशभर गाजला. तो जी-३ होता, आणि ते वजन खनिजाचे होते, लिथियम धातूचे नव्हे. पुरेसे बोलीदार न आल्याने मार्च २०२४ मध्ये तो लिलाव रद्द झाला. साठ्याला सोन्याच्या आजच्या भावाने गुणून कंपनीची ‘खरी किंमत’ काढणे तर निव्वळ दिशाभूल आहे. त्यात उतारा (खडकातून प्रत्यक्ष किती धातू निघतो), खाणीचा खर्च, रॉयल्टी आणि जाणारी वर्षे कुठेच धरलेली नसतात.

परवान्याचा प्रकारही विचारावा. खाण व खनिज कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीने २९ खनिजांसाठी आलेल्या अन्वेषण परवान्यात शोधणाऱ्याला खाण आपोआप मिळत नाही. पुढे खाणपट्ट्याचा लिलाव होतो आणि त्यात बोलीदाराने देऊ केलेल्या प्रीमियममधला ठरलेला हिस्सा शोधणाऱ्याकडे येतो. संमिश्र परवान्यात शोधाकडून खाणपट्ट्याकडे जाण्याची वाट असते. दोन्ही प्रकारच्या परवान्यांच्या कंपन्यांना एकाच मापाने मोजता येत नाही.

आपल्याला विनंती अशी की अशा प्रत्येक बातमीसोबत साठ्याचा दर्जा, परवान्याचा प्रकार, शिल्लक रोकड व तिमाही खर्च, आणि वॉरंटसह एकूण शेअरसंख्या अशी छोटी चौकट द्यावी. जागा कमी पडली तर रोकड आणि शेअरसंख्या तरी गाळू नये.

आपले,
भूविज्ञान व लेखापरीक्षण क्षेत्रातील वाचक, नांदेड