शेप पेन, त्या घडीच्या कागदासाठी

आदरणीय शेपर्ड पेन यांस,
सप्रेम नमस्कार.

तुमची माझी ओळख एका खोक्यातून झाली. मामाने अमेरिकेहून मोनोग्राम कंपनीचं, जोडून बनवायचं बी-१७ बॉम्बर विमानाचं मॉडेल आणलं होतं. खऱ्याच्या १/४८ प्रमाणातलं, पंखांची लांबी जवळपास २६ इंच! आत प्लॅस्टिकच्या भागांसोबत तुमचा, म्हणजे मॉडेलं आणि त्यांचे देखावे बनवणाऱ्या अमेरिकन कारागिराचा, रंगीत माहितीचा कागद घडी घालून ठेवलेला होता.

त्यातल्या फोटोत तुम्ही बनवलेलं विमान उडत नव्हतं. ते शेतात पोटावर उतरलं होतं, इंजिनांच्या पंख्यांची पाती वाकलेली. कोऱ्या मॉडेलची पाती कुणी मुद्दाम वाकवेल, हेच मला पटेना. खूप दिवसांनी उमगलं की पंखा फिरत असताना जमीन लागली तरच पाती तशी मुरडतात. म्हणजे इंजिन शेवटपर्यंत चालू होतं. अख्खा प्रसंग तुम्ही एका पात्यात सांगून ठेवला होता.

त्या दिवाळीत किल्ला करताना मी पहिल्यांदा मोजपट्टी घेऊन बसलो. मावळा अडीच इंचांचा, तर दरवाजा सात इंचांचा हवा. आमचे मावळे दरवाजापेक्षा उंच असायचे आणि सगळे नाकासमोर बघायचे. मी चौघांच्या माना करवतीच्या पात्याने कापल्या आणि एम-सील लावून बुरुजाकडे वळवून बसवल्या. बुरुजावर काहीच नव्हतं. तरी आजी वाकून बघत म्हणाली, "वर काय आहे रे?"

पुढे तुमचं १९८० सालचं डायोरामांवरचं, म्हणजे अशा छोट्या देखाव्यांवरचं, पुस्तक मिळालं. तुमच्या पेटीतल्या देखाव्यांनी तर वेड लावलं: एकाच चौकटीतून आत बघायचं, दिवा लपवलेला, उजेड नेमका हवा तिथेच. आणि हे कसं केलं ते तुम्ही हातचं काही न राखता सांगितलंत. तुमच्यासारख्या नावाजलेल्या कारागिराने इतकं मोकळेपणाने शिकवावं, याचं मला फार मोल वाटतं. २०१५ साली तुम्ही गेलात. आभार मानायचे राहून गेले, ते आज मनापासून मानतो.

कागदाच्या घड्या विरल्यात, मागून चिकटपट्टी लावली आहे. मामाचं विमान इतकी वर्षं तसंच जपलं होतं. गेल्या महिन्यात तीन पंख्यांची पाती मेणबत्तीच्या धगीवर धरून मुरडली. चौथ्याचं फक्त खालचं पातं मागे दाबलं, वरची दोन सरळ ठेवली. ते इंजिन उतरण्याआधीच बंद पडलं होतं.

आपला ऋणी,
एक विद्यार्थी