पहिला शब्द गिळणाऱ्या मुलाकडून बाईंना

प्रिय बाई,

सप्रेम सलाम.

आताची पोरं 'जय ख्रिस्त' म्हणतात, पण तुम्हाला मी जन्मभर सलामच केलाय, तेव्हा तोच. हे पत्र पोस्टाने न धाडता असं चारचौघांत लिहितोय, कारण मोतीबिंदू काढल्यावरही माझं अक्षर काही तुम्हाला लागत नाही. नात मोबाइलवर वाचून दाखवील. आणि दुसरं असं, की मला जे झालं होतं ते आणखी कुणाकुणाला झालेलं असणार, आणि त्यांच्या वाट्याला तुम्ही आला नसाल.

१९८१ साल. राहुरी तालुक्यातलं आमचं गाव. चर्च म्हणजे दगडी भिंतींची, वर पत्रा घातलेली एक खोली आणि पुढे वऱ्हांडा. त्या वऱ्हांड्यात तुमची शब्बाथशाळा भरायची. आठवडाभर जिल्हा परिषदेच्या शाळेत तुम्ही पाढे घ्यायच्या आणि रविवारी वचनं. मी अकरा वर्षांचा, डावीकडून तिसरा.

माझे वडील चर्चमध्ये पेटी वाजवायचे. आवाज असा, की शेजारच्या गावची माणसं नाताळात मुद्दाम ऐकायला यायची. प्रभूची प्रार्थना तेच सुरू करायचे. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणताना 'पित्या'वर आवाज किंचित खाली आणायचे, आणि बायका पदर डोळ्यांना लावायच्या. शनिवारी रात्री त्याच आवाजाने आमच्या घरात काय चालायचं ते आळीला माहीत होतं. आईच्या कोपरावरचा वण चुलीचा नव्हता, हेही माहीत होतं. पण पेटी दुसऱ्या कुणाला येत नव्हती.

तर मी त्या प्रार्थनेतलं पहिलं वाक्य गिळायचो. ओठ बंद. 'तुझे नाव पवित्र मानले जावो'पासून सुरू करायचो. वर्षभर कुणाच्या लक्षात आलं नाही, तुमच्या आलं. दुसरी कुणी असती तर सगळ्यांसमोर उभं करून पाठ म्हणायला लावलं असतं. तुम्ही फक्त पुढच्या रविवारी माझ्याशेजारी येऊन बसलात आणि महिनाभराने म्हणालात, "शनिवारी दुपारी घरी ये रे, खुराड्याची जाळी बांधायचीय."

जाळी बांधून झाली नाही, कारण पाऊस आला. तुमची ती तांबडी कोंबडी नऊ पिल्लं घेऊन परसात फिरत होती. आधी घारीची सावली फिरली, मग थेंब पडले. कोंबडीने मान खाली घातली, पिसं फुलवली आणि घशातल्या घशात असा काही आवाज काढला, की पिल्लं चहूकडून तिच्याखाली शिरली. मग दिसत होते नुसते पाय, एकाच जनावराला अठरा पाय असल्यासारखे. एक पिल्लू मात्र मोरीच्या दगडाशीच राहिलं. ती हाका मारत राहिली. ते येईना. ती उठून त्याच्यामागे गेलीही नाही. उठली असती तर बाकीची आठ उघडी पडली असती. भिजत बसली आणि हाका मारत राहिली.

तुम्ही आत जाऊन पवित्र शास्त्र आणलंत आणि लूकचा तेरावा अध्याय काढलात. मला वाटलं, आता वचन पाठ करायला लावणार. तुम्ही विचारलंत, "हेरोद राजाला प्रभू काय म्हणतो बघ."

मी वाचलं. कोल्हा म्हणतो.

"मग दोनच वचनं खाली ये. स्वतःला काय म्हणतो? सिंह म्हणतो का? गरुड तरी?"

कोंबडी. यरुशलेमेच्या लेकरांना कोंबडीसारखं पंखांखाली घ्यावं असं किती वेळा मनात आलं, पण तुमची इच्छा नव्हती. समोर कोल्हा आहे हे ठाऊक असताना स्वतःला कोंबडी म्हणवून घेणारा देव मी तोवर ऐकला नव्हता. आमच्याकडे देव म्हणजे वरून बघणारा, वहीत लिहून ठेवणारा. पुढे मी साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून झालो. ट्रॅक्टर आला, की भरलेलं वजन लिहायचं, रिकामं लिहायचं, वजाबाकी करायची. माझ्या मनातला देव तेच काम करत होता. तुमच्या परसात पहिल्यांदा मला असा देव दिसला ज्याच्यापाशी कोल्ह्याला अडवायला स्वतःच्या अंगाशिवाय दुसरं काही नव्हतं. आणि पिल्लू आलं नाही तर त्याला फरपटत आणायचं नाही, हेही त्याने ठरवून टाकलेलं होतं.

ते पिल्लू आलं का, हे तुम्हाला आठवतं का बाई? मला आठवत नाही. खूप वेळा आठवून पाहिलं.

त्यानंतर तुम्ही मला 'माउली' हा शब्द दिलात. आपल्या भागात तो काही नवा नव्हता. शेजारच्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, आषाढीच्या आधी दिंड्या आपल्याच रस्त्याने जातात. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड टिळक राहुरीत राहून गेलेले. तुकोबांचे अभंग ओठांवर घेऊनच ते ख्रिस्ताकडे आले आणि इथल्या मंडळीच्या भजनात त्याला माउली करून गेले. टाळ वाजला, की आजही काहींच्या कपाळावर आठी पडते, हे आपलं नाही म्हणून. आपलं नाही तर कुणाचं? पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा जीभ थोडीच बदलून घेतली होती.

मी खूश झालो. पिता नको, माउली बरी, प्रश्न मिटला. पण तुम्ही तो मिटू दिला नाहीत. आपल्या वर्गात ती एक मुलगी होती, आजीकडे ठेवलेली. आई दुसरं लग्न करून गेली ती परत फिरकली नव्हती. तुम्ही यशयाचं एकोणपन्नासावं काढलंत. आईला आपल्या तान्ह्या लेकराचा विसर पडेल का? सगळा वर्ग ओरडला, नाही! ती मुलगी गप्प. तुम्ही म्हणालात, "पुढे वाचा की. शास्त्र म्हणतं, पडेलही एखादीला." आणि मग हळू आवाजात पुढचं, 'पण मी तुला विसरणार नाही.' त्या मुलीने मान वर केलेली मी पाहिली.

त्या दिवशी मला कळलं, की तुम्ही एक शब्द काढून दुसरा बसवत नव्हता. उपासनेत तुम्ही पिताच म्हणायच्या, ठणठणीत आवाजात, प्रभूने तसं शिकवलंय म्हणून. देव आत्मा आहे, तो बाई नाही न बुवा नाही, पण शिकवलेली प्रार्थना आपण दुरुस्त करायची नाही, हे तुमचं ठाम. नंतर कधी तरी मी विचारलंच, की मग मी काय करू? घराच्या उंबऱ्यात तांदूळ निवडत होतात. वर न बघता म्हणालात, "तो शब्द तुझ्या बापाचा नाही रे. बापाने उसना घेतलाय. आणि उसनी वस्तू खराब करून ठेवलीय. धन्याचा त्यात काय दोष?"

मला ते पटायला अठ्ठावीस वर्षं लागली.

मधली वर्षं मी थोडक्यात उरकतो, कारण त्यात सांगण्यासारखं काही नाही. देवळात जाणं सुटलं. मध्ये दोन वर्षं बायकोच्या आग्रहाने शहरातल्या एका मोठ्या सभेला जात होतो. तिथे स्पीकर भिंतीएवढे, आणि देव म्हणजे नोकरी, फ्लॅट, व्हिसा. दशांश द्या, शंभरपट घ्या. तिथेही काटाच होता, फक्त आकडे मोठे. मी घरी बसलो. एकदा एका पाळकांकडून ऐकलं, की हिब्रूत करुणेचा शब्द गर्भाशयाच्या शब्दाच्या कुळातला आहे. एवढा आनंद झाला, की एसटी पकडून तुमच्याकडे आलो सांगायला. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "मग? मी तरी काय वेगळं सांगत होते?" आणि चहा टाकलात.

२००९ साली वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तो आवाज गेला. आई आधीच गेलेली, बाकी भावंडांनी हात झटकले, मी थोरला. अंघोळ, जेवण, सगळं माझ्याकडे. मी सगळं करायचो आणि मनातल्या मनात मोजायचो, की हे एवढं, आणि तुम्ही केलेलं तेवढं. शिल्लक कधी शून्य होईना.

तुम्ही निवृत्त झालेल्या, गुडघे दुखत होते, तरी दर गुरुवारी यायच्या. क्षमा कर असं एकदाही म्हणाला नाहीत. त्याबद्दल वेगळे आभार, कारण बाकी सगळे तेच म्हणून जात होते आणि दारातून बाहेर पडताना हलके होत होते. मीच एकदा चिडून म्हणालो, की बाई, इतकी वर्षं मागतोय, ह्या घरातलं काहीही बदललं नाही, कुठला पिता ऐकतोय? तुम्ही मार्क उघडलात, चौदावा अध्याय, गेथशेमाने बाग. येशूच्या तोंडचा 'अब्बा' हा त्याच्या बोलीतला शब्द चारही शुभवर्तमानांत एकदाच आलाय, आणि तो इथे, जिवाचं पाणी पाणी झालेल्या रात्री. हा प्याला माझ्यापासून दूर कर. "आणि केला का?" तुम्ही विचारलंत. "नाही ना केला? तरी अब्बाच म्हणाला."

तुम्ही पुस्तक मिटलंत. मी वाट बघत होतो, आता पुढे काही समजावाल म्हणून. तुम्ही पिशवीतून नेलकटर काढलंत.

वडिलांची नखं वाढली होती. मला सगळं जमायचं, तो हात हातात घेणं जमत नव्हतं. तुम्ही खाटेवर बसलात, त्यांचा उजवा हात मांडीवर घेतलात. बोटं मिटलेली, ती एकेक करून उघडायची, नख कापायचं, तुकडा वर्तमानपत्रावर टाकायचा. करंगळीपर्यंत पाच. तळव्यात मळ साठला होता, तो ओल्या फडक्याने पुसलात. मग नेलकटर माझ्यापुढे धरलंत. डावा हात राहिला होता.

मी कापली. एवढंच सांगतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं का, मला माहीत नाही, मी नखांकडे बघत होतो.

लोक म्हणतात, देव क्षमा करतो म्हणजे पाटी पुसतो. त्या दिवसापासून मला तसं वाटत नाही. तुम्ही काही पुसलं नव्हतं. त्या हाताने काय केलं होतं ते गावात तुमच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं, आईला दोनदा तुम्हीच दवाखान्यात नेलं होतं. ते सगळं ठाऊक असून तुम्ही तो हात मांडीवर घेतलात. देवाच्या स्वभावाबद्दल मी आजवर ऐकलेली सगळी प्रवचनं एका बाजूला ठेवतो, मला तो तसाच असावा असं वाटतं. नसेल, तर माझा त्याच्याशी संबंध नाही. हे उद्धट वाटत असेल तर तुम्हीच शिकवलंय. ईयोब देवाशी इतका भांडला, आणि शेवटी देव रागावला तो त्याच्या गोडबोल्या मित्रांवर, हेही तुम्हीच वाचून दाखवलं होतं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. पुढच्या वर्षी वडील गेले. कबरस्तानात पाळकसाहेबांनी माती झाल्यावर प्रभूची प्रार्थना सुरू केली. सगळी मंडळी उभी. मी थोरला मुलगा, सगळ्यांत पुढे, सगळ्यांची नजर माझ्यावर. पहिलं वाक्य आलं आणि माझे ओठ मिटले. इतकं सगळं होऊनही मिटले. कान गरम झाले. वाटलं, बाईंचं सगळं वाया गेलं. मी बाजूला बघितलं. तुम्ही माझ्या डाव्या हाताला उभ्या होता, काठी टेकून. उभ्या जन्मात एकाही रविवारी तो शब्द न चुकवलेल्या तुम्ही. तुमचेही ओठ मिटलेले होते.

'तुझे नाव' आलं तेव्हा आपण दोघांनी एकदमच सुरू केलं.

ह्याबद्दल तुमच्याशी कधी बोललो नाही. तुम्हीही विषय काढला नाहीत. म्हणून आज लिहून आभार मानतो.

हल्ली मी चर्चला जातो. पहिलं वाक्य कधी तोंडून निघतं, कधी नाही. गेल्या महिन्यात सलग तीन रविवार निघालं, चौथ्याला नाही. तुम्हाला हिशेब नको असतो हे माहीत आहे, सवयीने सांगितला.

नाताळात येतो. खुराड्याची जाळी पुन्हा सुटलीय असं नात सांगत होती. तार मी इथूनच आणतो, तिकडे मिळते ती गंजते.

तुमचा,
डावीकडून तिसरा